आधी तीट, मग टेस्ट

चौथ्या चित्रापर्यंत दगडूचे हात छान चालले होते. समोर लाल-पांढरे ठोकळे, बाजूला पुस्तिकेतलं चित्र. चित्रात दिसतं तसे ठोकळे जुळवायचे, एवढंच काम. पाचवं चित्र अवघड असतं, बरीच मुलं तिथे अडतात. दगडूने ते जवळजवळ पुरं केलं. शेवटचा ठोकळा तेवढा हातात होता. तेवढ्यात त्याने मान वळवून मागे खुर्चीवर बसलेल्या बाईकडे पाहिलं आणि हाताच्या एका फटक्यात सगळं विस्कटून टाकलं.

"माले येत नई," तो म्हणाला.

मी स्टॉपवॉच बंद केलं. येत नाही म्हणावं तर निम्म्याहून जास्त माझ्या डोळ्यांदेखत जुळलं होतं. मग मीही मागे पाहिलं. ती बाई मान खाली घालून बसली होती. चेहरा पडलेला, ओठ हलताहेत आणि पदराखाली बोटांची काहीतरी चुळबुळ चाललेली.

मी चाइल्ड सायकॉलॉजिस्ट आहे. राहते जळगावला, मेहरूणमध्ये. आठवड्यातले काही दिवस एसटीने धुळ्याला जाते. तिथे एका ट्रस्टच्या दवाखान्यात मुलांच्या तपासणीचं छोटंसं सेंटर आहे. आमच्याकडे येणाऱ्या आईबापांना बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे कागद. नेहमीची पद्धतही कागदाला सोयीचीच असते. मूल आत, आईबाप बाहेर बाकावर, टेस्ट, स्कोअर, बंद पाकिटात रिपोर्ट. पाकिटात काय लिहिलंय ते घरी गेल्यावर शेजारचा कॉलेजातला मुलगा वाचून सांगतो, तोही अर्धं चुकीचं.

आम्ही जरा वेगळं करतो. आधी आईबापांना विचारतो, तुम्हाला या मुलाबद्दल नेमकं काय समजून घ्यायचंय? मुलालाही विचारतो, तुला काय विचारायचंय? हे प्रश्न घेऊन पुढे सगळ्यांनी मिळून शोध घ्यायचा. टेस्ट चालू असताना आई किंवा बाप खोलीतच मागे बसतो आणि बघतो. परदेशी पुस्तकांत यासाठी एका बाजूने दिसणारी काच असते. आमच्याकडे खुर्ची आहे. शेवटी रिपोर्टच्या आधी मुलासाठी एक गोष्ट लिहायची, त्याच्या प्रश्नाला धरून. ही पद्धत वेळखाऊ आहे, आणि सेंटर चालवणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना वेळखाऊ काहीही आवडत नाही.

दगडू दोंडाईच्याजवळच्या एका गावचा. तिसरीत. शाळेतलं नाव प्रणव, पण त्या नावाने हाक मारली तर तो हूं की चूं करायचा नाही. वडील हिरामणभाऊ मिरचीच्या व्यापाऱ्याकडे टेम्पो चालवायचे. ते आत आले की खोलीतल्या सगळ्यांना शिंका यायच्या, आणि ते दरवेळी ओशाळून दारात उभे राहायचे. शाळेने त्यांना सांगितलं होतं की हा मुलगा इथे चालणार नाही, याला मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत घाला. धुळ्यात तशी एक शाळा होती. जूनमध्ये जागा मिळणार होती, पण त्यासाठी बुद्धी कमी असल्याचा आमचा रिपोर्ट लागणार होता. म्हणजे मी सही केली की दगडू घर सोडून होस्टेलला जाणार, इतकं ते सरळ होतं.

"तुम्हाला काय जाणून घ्यायचंय, भाऊ?" पहिल्या दिवशी मी विचारलं.

"कागद कधी भेटेल, तेवढंच."

"ते झालं. पण दगडूबद्दल काय जाणून घ्यायचंय?"

ते दाराच्या चौकटीवर नख घासत म्हणाले, "मॅडम, हा शिकेल का? का मी उगीच आस लावून बसलोय?"

हा खरा प्रश्न. मी तो त्यांच्यासमोरच मोठ्या अक्षरात लिहून घेतला.

दगडूबरोबर आलेल्या बाईला तो "मामी" म्हणत होता. मी अगदी सहज विचारलं, "मुलाची आई नाही आली?" हिरामणभाऊंनी खाली पाहिलं. "हीच आई, मॅडम." मग हळूहळू उलगडलं. दगडूच्या आधी त्यांचा एक मुलगा गेला होता. म्हणून दगडू जन्मला तेव्हा त्याला हिरामणभाऊंच्या बहिणीच्या ओटीत टाकलं आणि पसाभर दादर देऊन परत मागून घेतलं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. असं केलं की मूल त्या घरचं राहत नाही, आणि त्या घरावर टपून बसलेलं संकट त्याच्याकडे बघत नाही. आता मूल आत्याचं झालं तर जन्म देणारी बाई त्याची कोण? मामी! नावही मुद्दाम दगडू ठेवलेलं, कुणाला हेवा वाटू नये म्हणून.

मला हे ऐकून माहीत होतं. आपल्याकडे दगडू-धोंडू नावांची माणसं काय कमी आहेत? मी नोंद केली आणि पुढे गेले. नोंद केली म्हणजे समजलं, असं मात्र नसतं.

टेस्टच्या आधी मूल घरी काय काय करतं हे आईला विचारायचं असतं. दगडूच्या आईची, मंगलाबाईंची, उत्तरं एकजात नकाराची होती. शर्टाची बटणं लावतो का? "नई." दुकानातून वस्तू आणतो का? "नई." स्वतःच्या हाताने आंघोळ? "नई, ताई. येडा शे तो. त्याले काईच येत नई." हे चालू असताना शेजारी तो येडा खाली वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधत होता, आणि गाठ चांगली आवळून बांधत होता. मंगलाबाईंनी ते पाहिलं आणि घाईघाईने त्याच्या पायावर पदर टाकला.

आता पुन्हा त्या विस्कटलेल्या ठोकळ्यांकडे येते.

बाहेरून हिरामणभाऊंनी चहासाठी हाक मारली म्हणून मंगलाबाई उठून गेल्या. दार बंद झालं. दगडू ठोकळ्यांकडे बघत होता.

"पुन्हा करायचंय?" मी विचारलं.

त्याने मान हलवली, आणि मी पाणी प्यायला ग्लास उचलेपर्यंत पाचवं चित्र तयार! मग सहावं. सातव्याला तो जिभेचं टोक बाहेर काढून बराच वेळ झगडला, पण त्याने तेही सोडवलं. माझ्या तोंडून पुन्हा "शाब्बास!" निघून गेलं. त्याने आधी दाराकडे पाहिलं. ते बंद आहे याची खात्री झाल्यावर मग हसला. पुढचे दोन दात नव्हते.

"तू प्रश्न विचारायचा राहिलाय," मी म्हटलं. "बाबांनी विचारला. तुझा कुठेय?"

पहिल्या दिवशी त्याने खांदे उडवले होते. आज एक ठोकळा तळहातावर फिरवत तो म्हणाला, "मी चांगलं करं की मामीनं तोंड उतरी जास. काबर?"

मी चांगलं केलं की मामीचं तोंड उतरतं. का? एवढाच प्रश्न होता. या पोराने आपल्या आईचा चेहरा वाचून वाचून स्वतःसाठी एक नियम तयार केला होता. आपण चांगलं केलं की ती दुखावते, तर मग चांगलं करायचंच नाही. शाळेतही नाही, कारण शाळेतली गोष्ट घरी पोचते.

दुपारी डॉक्टर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"त्या दोंडाईच्याच्या मुलाची किती सेशन्स घेणार आहेस?"

"अजून थोडी लागतील, मॅडम."

"बाहेर बाकावर बघ किती जण बसलेत."

"बघूनच आले."

"मग? आई स्वतः म्हणते, काही येत नाही. शाळा म्हणते. रिपोर्ट देऊन टाक."

"आई स्वतः म्हणते म्हणूनच देत नाहीये."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे त्यांचं रागाचं लक्षण. मी दगडूचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्यांनी चष्मा उचलून पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात संपव." आमच्या मॅडमकडून याहून जास्त सहानुभूती मागायची नसते.

पुढच्या आठवड्यात मी मंगलाबाईंशी एकटीने बोलले. दगडू वडिलांबरोबर दवाखान्यासमोरच्या गाडीवर भजी खात होता. खिडकीतून दोघं दिसत होते. मी म्हटलं, "ताई, एक विचारू? दगडूने ठोकळे जुळवले तेव्हा तुम्ही काहीतरी पुटपुटत होतात."

त्या दचकल्या. "त्याले आयकू ऊनं का?"

"नाही. पण त्याला तुमचा चेहरा दिसला."

मग त्या बोलू लागल्या. पहिला मुलगा गोरागोमटा, बोलका. "बठ्ठा म्हनेत, काय देखना शे, काय हुशार शे." साक्रीकडे एका लग्नात तो वाजंत्रीपुढे नाचला. सगळ्या वऱ्हाडाने त्याला उचलून घेतलं, गालगुच्चे घेतले, कौतुकाचा नुसता पाऊस. तिथून आल्यावर ताप भरला. दोंडाईच्याला दाखवलं, तिथून धुळ्याला आणलं. "याच धुळ्यामा," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बोट केलं. त्यानंतर दगडू झाला. त्याला ओटीत घेताना नणंदेने एकच बजावलं होतं की या पोराला कधी चांगलं म्हणू नको. तेव्हापासून त्यांनी म्हटलं नव्हतं. पोर पहिल्यांदा चाललं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून दाखवलं तेव्हा पाटी पुसली. टेस्टच्या वेळी एकेक चित्र जुळत गेलं, मी शाब्बास म्हणत गेले, आणि मागे त्या पदराखाली बोटं मोडत माझ्या प्रत्येक शाब्बासची नजर उतरवत होत्या.

"मग तुम्हाला त्याला त्या होस्टेलच्या शाळेत पाठवायचंय?" मी विचारलं.

त्यांनी डोळे पुसले नाहीत. सरळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तठे त्याले कोन नजर लाई, ताई? तठे त्याले चांगलं कोन म्हनी? जगी तरी तो."

जगेल तरी. मी तोपर्यंत समजत होते की या बाईंना पोराची हुशारी दिसत नाही. त्यांना ती इतकी स्वच्छ दिसत होती की त्या तिच्यावर पांघरूण घालत होत्या. पोर येडं ठरलेलं चालेल, दूर राहिलेलं चालेल, पण राहायला हवं. त्या निवासी शाळेतल्या मुलांच्या आयासुद्धा आपापल्या लेकरांना तीट लावूनच सोडतात, हे त्यांना कुठे ठाऊक होतं.

आता इथे मला व्याख्यान देता आलं असतं. ताप कशाने येतो, नजर वगैरे काही नसतं, तुम्ही आजच्या काळातल्या बायका असून... असली व्याख्यानं मी पूर्वी ऐकलीही आहेत. ऐकणारी बाई मान डोलावते, घरी जाते आणि दुप्पट घाबरते. शिवाय आमच्या पद्धतीचा पहिला नियम असा की घरच्यांना जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची. मी म्हटलं, "ताई, नजर लागू नये म्हणून चांगलं म्हणायचं नाही, हा एक उपाय झाला. दुसरा काही असतो का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही हिला माहीत नाही. "असतस ना. काया टिक्का लावतस. मीठ-मिरच्या उतारतस."

"मग टिक्का लावला, तर चांगलं म्हटलेलं चालेल?"

त्या थबकल्या. "माले नई माहीत. अक्काले इचारनं पडी. पोऱ्या तिना शे."

बरोबरच होतं. नियम आत्याने घातला होता आणि रीतीने पोरगाही आत्याचा. परवानगी तिचीच हवी. आम्ही तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. सुमनअक्का साक्रीला राहायच्या. आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"कोन बोलस? काय व्हयनं मना पोऱ्याले?"

"काही झालं नाही, अक्का. धुळ्याच्या दवाखान्यातून बोलतेय. एक विचारायचं होतं." मी थोडक्यात सांगितलं.

"ओ माय!" अक्का एकदम म्हणाल्या. "मी सांगेल व्हतं, पन तव्हय तो पायनामा व्हता! आते केवढा व्हयना तो! मंगले, तू आजून तेच धरी बठनी का?"

मंगलाबाई फोनकडे बघत राहिल्या. पाळण्यातल्या पोरासाठी घातलेला नियम तिसरीपर्यंत चालत आला होता. तो उठवायचा कुणाला सुचलंच नव्हतं.

"टिक्का लाव, मीठ-मिरच्या उतार, आन मंग म्हन काय म्हनानं ते," अक्कांनी निकाल दिला. "घाबरू नको. पोऱ्या मना शे. मी शे ना!"

पुढच्या वेळी मंगलाबाई काजळाची डबी घेऊन आल्या. टेस्टच्या खोलीत त्यांनी दगडूला समोर उभं केलं, करंगळीचं टोक काजळात बुडवलं आणि गालावर हा एवढा ठिपका लावला. मग दुसऱ्या गालावरही लावला, माझ्या टेस्टवर त्यांचा फारसा भरवसा नसावा. मी त्यांची खुर्ची मागून काढून टेबलाच्या बाजूला ठेवली, दगडूला चेहरा दिसेल अशी. तीच टेस्ट लगेच परत घेता येत नाही, उत्तरं ओळखीची झालेली असतात. म्हणून दुसरी काढली, तिच्यात चित्रांच्या ओळींतला क्रम शोधायचा असतो.

पहिलं उत्तर बरोबर आलं. दगडूने आईकडे पाहिलं. मंगलाबाईंची बोटं पदराकडे गेली आणि मध्येच थांबली. त्यांनी हात मांडीवर ठेवले. ओठ घट्ट मिटले होते, पण नजर त्याच्यावरून हलली नव्हती. दुसरं, तिसरं. प्रत्येक वेळी तो बघायचा आणि प्रत्येक वेळी ती तिथेच असायची. एका अवघड ओळीपाशी तो खूप अडला. नखं खाल्ली, डोकं खाजवलं, आणि अखेर बरोबर चित्रावर बोट ठेवलं.

"बेस करं रे, भाऊ," मंगलाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मला जेमतेम ऐकू आला.

दगडूला नीट ऐकू आला. तो खुर्ची पुढे ओढून ताठ बसला आणि मला म्हणाला, "आजून शेतस का?"

होत्या की! त्या दिवशी त्याने मला दमवलं.

डॉक्टर मॅडमनी नोंदी वाचताना एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? मुलाच्या दोन्ही गालांवर काळे ठिपके होते?"

"निरीक्षण आहे, मॅडम. टेस्टच्या वेळची परिस्थिती लिहायची असते."

"आणि टेस्टच्या नियमांत हे बसतं?"

"नियमांत लिहिलंय की मूल निर्धास्त असलं पाहिजे."

त्यांनी पान उलटलं. सही केली.

निकाल साधा होता. दगडूची बुद्धी त्याच्या वयाला शोभेल अशी होती. वाचन मात्र बरंच मागे होतं, कारण तीन वर्षं त्याने वर्गात तोंडच उघडलं नव्हतं. त्यासाठी मदत लागणार होती, मेहनत लागणार होती. होस्टेलच्या शाळेसाठी हवा असलेला रिपोर्ट मी दिला नाही. द्यायला आधारच नव्हता. त्याच्या वर्गशिक्षिकेशी फोनवर बोलले. म्हटलं, सध्या सगळ्यांसमोर कौतुक करू नका, जवळ जाऊन हळूच सांगा. आणि गालावर किंवा कानामागे काळा ठिपका दिसला तर पुसायला लावू नका. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "ठेवून बघू एक वर्ष." मला तेवढंच हवं होतं.

शेवटच्या दिवशी तिघंही आले. हिरामणभाऊ दारातच थांबले होते, त्यांना ओढून आत बसवलं आणि सगळे मिळून शिंकलो. मी त्यांचा प्रश्न त्यांना वाचून दाखवला आणि उत्तर दिलं. शिकेल. आस लावा. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मिरचीच्या नावाखाली डोळे पुसले.

मग दगडूसाठी लिहिलेली गोष्ट वाचली. एका शेतात मिरचीचं एक रोप असतं. ते मालकाला इतकं आवडतं की पाखरांनी टोचू नये म्हणून तो त्याच्यावर पोतं टाकून ठेवतो. रोपाला वाटतं, आपल्या मिरच्या मालकाला आवडत नाहीत म्हणूनच त्याने आपल्याला झाकलं. ते मिरच्या धरायचं सोडून देतं. मग एक दिवस मालक पोतं काढतो आणि शेजारी बुजगावणं उभं करतो. पाखरं बुजगावण्याकडे बघत बसतात आणि रोपाला ऊन मिळतं.

दगडूने गोष्ट लक्ष देऊन ऐकली. "बुजगावनाले डोया काढा का?" त्याने विचारलं. मी पेन दिलं. त्याने कागदावर बुजगावणं काढलं, मोठे डोळे काढले आणि दोन्ही गालांवर एकेक ठिपका दिला.

"आता तुझा प्रश्न राहिला," मी म्हटलं. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मामीकडे आहे."

मंगलाबाईंनी त्याला जवळ ओढलं. "माले भ्याव वाटे, भाऊ. तुले काई व्हई जाई, आसं वाटे."

"मंग तुले राग नई येत व्हता?"

"नई रे. माले भलतं चांगलं वाटे. म्हनीसन भ्याव वाटे."

मग टेबलावरची काजळाची डबी उघडून त्याने करंगळी बुडवली आणि मामीच्या गालावर एक ठिपका लावला.

"आते नको भिऊ," तो म्हणाला.

तो तिला अजून मामीच म्हणतो. ते बदलायला मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. वाचायला शिकतोय, हळूहळू.

जाताना मंगलाबाई डबी टेबलावर विसरल्या. फोन केला तर म्हणाल्या, राहू द्या, ताई, दुसऱ्या कुणाच्या पोराला लागेल. माझ्या ड्रॉवरमध्ये आता स्टॉपवॉच, पेन्सिली, ठोकळे आणि काजळ आहे. टेस्टच्या साहित्याच्या यादीत काजळ नाही. पण कुणाची आई मागे बसून बोटं मोडताना दिसली, की मी आधी डबी पुढे करते आणि स्टॉपवॉच नंतर काढते.